संजीवनी, गामिनी, अमर : व्हिडिओ गेममधल्या मरणाविषयी

कबड्डीच्या जुन्या तीन रीती होत्या. संजीवनीत बाद झालेला गडी आपल्या संघाने समोरचा गडी मारला की पुन्हा मैदानात येई. गामिनीत (कुणी तिला गनिमीही लिहितं) एकदा मेलेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमरमध्ये गडी बाद झाला तरी जागचा हलत नसे, समोरच्यांना फक्त गुण मिळे. आजची कबड्डी संजीवनीवर उभी आहे, बाकीच्या दोन रीती मागे पडल्या. पण मला त्या रोज भेटतात, कारण गेली काही वर्षं मी हौसेने व्हिडिओ गेम खेळतो आणि या माध्यमाने मरणाचे जे प्रयोग केले ते या तीन नावांत बसतात. इंग्रजी समीक्षेने या प्रकारांना वेगळी नावं दिली आहेत. मला आपली सोयीची वाटतात, कारण ती मरणाविषयी बोलतात आणि इंग्रजी नावं बहुतेक यंत्रणेविषयी.

हा प्रश्न साहित्याच्या वाचकाला का पडावा? कादंबरीत पात्र मरतं तेव्हा आपण काही करू शकत नाही आणि त्या असहायतेतच बरंचसं दुःख असतं. गेममध्ये पात्र आपल्या हातून मरतं, पुष्कळदा आपल्या चुकीने, आणि लगेच उठतं. रोज शंभर वेळा मरणाऱ्या नायकाची गोष्ट गंभीर होऊ शकते का, हा या माध्यमापुढचा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे. चित्रं किती खरी दिसतात, हा त्यामानाने दुय्यम.

मरण गेममध्ये आलं ते धंद्यासाठी. १९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीचा ‘स्पेस इनव्हेडर्स’ आला. तो नाणं टाकून खेळायचा. खेळणारा मेला नाही तर पुढचं नाणं पडणार नाही, म्हणून शत्रू हळूहळू वेगवान होत जात आणि कुणीच शेवटपर्यंत टिकत नसे. आपल्याकडच्या व्हिडिओ पार्लरमध्ये हेच चाललं. पुढे टीव्हीला जोडायचे गेम घरात आले आणि नाण्याची गरज संपली, पण मरण राहिलं. ‘काँट्रा’मध्ये बटणं एका ठरावीक क्रमाने दाबली की तीस ‘लाईफ’ मिळत. तो क्रम पाढ्यांसारखा पाठ असलेली पिढी आता पन्नाशीकडे आली आहे. ‘माझी एकच लाईफ उरली’ हे मराठी वाक्य त्या काळाचं. जीव असा मोजता येतो आणि भावाला उसना देता येतो, हे आम्हाला मुळीच विचित्र वाटलं नाही.

आता संजीवनीकडे येतो. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या टीम चेरी या मोजक्या माणसांच्या चमूने २०१९ मध्ये ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ची घोषणा केली आणि लोकांना साडेसहा वर्षं ताटकळत ठेवून ४ सप्टेंबर २०२५ रोजी तो हाती दिला. किड्यांचं एक राज्य आहे, फारलूम. त्याच्या माथ्यावर एक पवित्र गड आहे आणि भाविक किडे गळ्यात मण्यांच्या माळा घालून तिकडे चढत निघाले आहेत. या राज्यात जपमाळेचे मणी हेच चलन. आपली नायिका हॉर्नेट मेली की तिच्याजवळचे सुटे मणी ती मेली त्या जागी एका कोशात राहतात आणि ती मागच्या बाकावर जागी होते. (बाक हे विसाव्याचं ठिकाण.) तिथून पुन्हा कोशापर्यंत चालत जायचं. वाटेत दुसऱ्यांदा मेलात तर पहिला कोश कायमचा गेला.

या चालण्याबद्दल खेळणाऱ्यांनी खूप आरडाओरड केली. लढाई अवघड असणं समजू शकतं, पण तिच्यापर्यंतची तीच वाट वीस वेळा का तुडवायची? तक्रारीत तथ्य आहे. सुरुवातीला हॉर्नेटपाशी पाचच जीवखुणा असतात आणि बरेच शत्रू एका फटक्यात दोन नेतात, म्हणजे तीन फटक्यांत खेळ खलास. कर्त्यांनीही पहिल्याच दुरुस्तीत सुरुवातीचे दोन मोठे लढे थोडे सौम्य केले. तरी मला ती वाट हवी वाटते. पाचव्या फेरीला तुम्हाला दिसू लागतं की वाटेच्या कडेला जे पडले आहेत तेही भाविकच आहेत. तेही गडाकडेच निघाले होते आणि त्यांना दुसरी फेरी मिळालेली नाही. काही ठिकाणी तर बाकावर बसायलाही मणी मोजावे लागतात. देवाच्या दारची ही वसुली पाहून मराठी वाचकाला वेगळं काही सांगायला नको. इथे मरण फुकट नाही, त्याची किंमत लागते आणि ती श्रद्धेच्याच नाण्यात चुकवावी लागते. गोष्ट आणि नियम एकच बोलतात असे खेळ थोडे, हा त्यांतला आहे.

गामिनीचा इतिहास जुना. १९८० च्या सुमारास अमेरिकेत विद्यापीठांच्या संगणकांवर खेळल्या जाणाऱ्या ‘रोग’मध्ये मेलात की सगळं पुन्हा पहिल्यापासून. जपानी ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेत १९९० पासून युद्धात पडलेला शिलेदार पुढच्या लढाईत दिसत नाही. पण गामिनीचं मोठं उदाहरण माझ्या मते पोलंडचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४). सारायेव्होच्या वेढ्यावरून तो सुचला. सैनिक नाहीत, वेढलेल्या शहरातल्या पडक्या घरात अडकलेली साधी माणसं आहेत. दिवसा चूल आणि औषध, रात्री दुसऱ्याच्या घरात चोरी. कुणी गेलं तर गेलंच. उरलेले खचतात, कामाला हात लावत नाहीत. म्हाताऱ्या जोडप्याचं अन्न तुम्ही चोरलं असेल तर त्याचा भार पात्र वाहतं आणि तुम्हीही. २०२० मध्ये पोलंडने हा गेम शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेतला, ‘वाचनाच्या’ यादीत!

आता गेल्या वर्षभरातला सर्वाधिक वाखाणला गेलेला खेळ. ज्यांना तो खेळायचा आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत. फ्रान्समधल्या माँपेलिएच्या सँडफॉल स्टुडिओचा ‘क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्स्पिडिशन ३३’ एप्रिल २०२५ मध्ये आला. त्याच्या कल्पनेची मला असूया वाटते. दूरच्या प्रचंड स्तंभाशी बसलेली एक चित्रकर्ती दरवर्षी त्यावर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची सगळी माणसं फुलांच्या पाकळ्या होऊन उडून जातात. आकडा दरवर्षी एकाने उतरतो. गेम सुरू होतो तेव्हा ३४ पुसून ३३ लिहिला जाणार असतो. गावात निरोपाचा सण आहे, गळ्यात हार आहेत. मूल होऊ द्यावं की नाही, हा तिथे प्रेमिकांच्या ताटातुटीचा विषय आहे. सुरुवातीचा हा तास गेममध्ये आजवर मी पाहिलेला सर्वांत प्रौढ तास आहे.

मग मोहीम निघते, लढाया सुरू होतात आणि खेळ दोन तोंडांनी बोलू लागतो. लढाईत साथीदार पडला की एक रंगद्रव्य वापरायचं, तो उभा. पण पहिल्या अंकाच्या शेवटी गुस्ताव मारला जातो, तेव्हा तेच द्रव्य पिशवीत असताना ते वापरण्याची सोय नसते. १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’मध्ये एअरिथ मेली तेव्हाही हाच प्रश्न विचारला गेला होता. २८ वर्षांनंतर इतक्या हुशार माणसांनीही त्याला बगल द्यावी याचं नवल वाटतं. संजीवनीच्या मैदानावर मधेच पाच मिनिटं गामिनी खेळली जाते. माझी मोठी तक्रार मात्र शेवटाविषयी आहे. हे सगळं जग एका शोकग्रस्त कुटुंबाने रंगवलेलं चित्र आहे असं उघड होतं आणि चित्र ठेवायचं की पुसायचं याची निवड आपल्या हाती येते. पण ती त्या कुटुंबाच्या दुःखाच्या मापाने मांडली जाते. ज्या गावाने निरोपाचे सण केले, मुलं होऊ द्यायला घाबरलं, ते अखेरीस मालकांच्या घरगुती शोकाचा पडदा उरतं. त्या माणसांना कुणी विचारत नाही. बक्षिसांच्या गर्दीत हे फारसं कुणी बोललेलं दिसलं नाही म्हणून इथे नोंदवतो.

अमर हा प्रकार हलका मानला जातो. मरणच नाही तर धोका कसला? माँट्रिअलच्या थंडर लोटसचा ‘स्पिरिटफेअरर’ (२०२०) याचं उत्तर देतो. त्यात आपण, म्हणजे स्टेला, मरू शकत नाही. आपलं काम नावाड्याचं. मृतांना बोटीवर घ्यायचं, त्यांच्या आवडीचं रांधायचं, मिठी मारायची आणि तयार झाले की अखेरच्या दारापर्यंत पोहोचवायचं. एकदा त्या दारातून गेलेलं कुणी परत येत नाही. त्यांत एक खादाड, हसरा बेडूककाका आहे, त्याचं नाव अतुल. बाकीचे निरोप घेऊन जातात. अतुल मेजवानीनंतर एका सकाळी बोटीवर नसतो, बस. दार नाही, मिठी नाही. सगळी बोट तुम्ही शोधता. स्वतःला मरण नसलेला खेळाडू इथे कादंबरीच्या वाचकाइतका असहाय होतो.

आपल्याकडे काय आहे? गंमत अशी की पडद्यावरच्या आपल्या रूपाला जगभर ‘अवतार’ म्हणतात. रिचर्ड गॅरियटच्या ‘अल्टिमा ४’ने (१९८५) हा शब्द आणला आणि पुढे लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ने तो रुळवला. पुन्हा जन्म घेणं, मागच्या जन्मीचं देणं फेडणं हे आपल्या कथांच्या हाडीमांसी आहे. तरी पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ (२०२०) खेळताना ही संधी हुकलेली दिसते. गेम देखणा आहे. पहाडी लघुचित्रांचे रंग, राजस्थानी गवाक्षं, छायाबाहुल्यांची निवेदनं यांत खरा अभ्यास आहे. भावाला, गोलूला, राक्षसाच्या तावडीतून सोडवायला निघालेल्या राजीची गोष्ट स्वतः दुर्गा आणि विष्णू सांगतात. पण राजी कड्यावरून पडली की मागच्या टप्प्यावरून पुन्हा सुरुवात, इतकंच. पुनर्जन्म ज्यांच्या अखत्यारीतला, तेच निवेदक असताना! २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त राजपुत्र मेला की निवेदक राजपुत्रच म्हणतो की छे, असं घडलं नाही, पुन्हा सांगतो. आख्यान चुकलेल्या कीर्तनकाराने सावरून घ्यावं तसं. ‘हेडीस’मध्ये (२०२०) मरून घरी परतलेल्या नायकाला दारातलाच निद्रादेव तो कुणाच्या हातून मेला यावरून टोमणे मारतो. ग्रीकांच्या पाताळाला जमलेलं हे काम चित्रगुप्ताच्या चोपडीला सहज जमलं असतं.

आता सगळ्यांचे डोळे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’कडे लागले आहेत. २०२५ चा वायदा पुढे ढकलून कंपनीने तो २०२६ वर नेला आहे. लिओनिडा नावाचं कल्पित राज्य, लुसिया आणि जेसन ही गुन्हेगार जोडी, आणि झलकांत त्यांच्या प्रेमाला बरीच जागा दिलेली. या मालिकेत मरणाची रीत ठरलेली आहे. पडद्यावर शब्द उमटतो, नायक इस्पितळाबाहेर उभा असतो आणि खिशातून बिल वळतं झालेलं असतं. तिरकस विनोद म्हणून हे आजवर चाललं. अमेरिकेच्या औषधोपचाराच्या खर्चावर याहून थोडक्यात टीका कुणी केली नसेल. पण यावेळी दोघं आहेत आणि एकमेकांवर विसंबून आहेत. लुसिया माझ्या हातून मेली तर जेसन इस्पितळाच्या दाराशी काय म्हणणार आहे, हे मला गेम हाती आल्यावर पहिल्या तासात पाहायचं आहे.