फितूर साक्षीदार आणि जामिनाचा आदेश

पोलिसांना दिलेल्या जबाबापासून साक्षीदार न्यायालयात फिरला की मराठी वृत्तपत्रे त्याला ‘फितूर’ म्हणतात. बखरींत किल्लेदार फितूर होतात आणि किल्ला शत्रूच्या हाती जातो. त्यामुळे हा शब्द उच्चारला की निवाडाही होऊन जातो : माणूस विकला गेला. कायदा मात्र एवढे धाडस करत नाही. 1872च्या पुरावा कायद्याच्या कलम 154मध्ये असा शब्दच नव्हता. आपणच बोलावलेल्या साक्षीदाराला उलटतपासणीत विचारतात तसे प्रश्न विचारण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते, एवढेच ते कलम सांगत होते. 2023च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तीच तरतूद कलम 157मध्ये आली आहे. साक्षीदार का फिरला, याबद्दल कायदा मौन पाळतो. आपली भाषा मात्र कारण गृहीत धरून चालते. जामिनाच्या आदेशांत ही मधली जागा कशी भरली जाते, हे मला इथे पाहायचे आहे. मी निकालपत्रे वाचतो ती गद्याचा वाचक म्हणून. कोणते वाक्य युक्तिवादातून आले आणि कोणते सवयीने उतरले, हा माझा प्रश्न आहे.

पेच मुळातच अवघड आहे. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि तो जबाब स्वतंत्र पुरावाही ठरत नाही. तरीही दोषारोपपत्राचा डोलारा बहुधा त्यावरच उभा असतो. मुख्य साक्षीदाराने शपथेवर ‘मी काही पाहिले नाही’ असे सांगितले, की आरोपीचा वकील म्हणतो : आता आत ठेवायला उरले काय? सरकारी वकील म्हणतो : साक्षीदार फिरला, यावरूनच आरोपीचा हात किती लांब आहे ते दिसते. घटना एकच असते आणि तिचे दोन्ही अर्थ शक्य असतात.

सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही अर्थांना वेगवेगळ्या वेळी जागा दिली आहे. ‘सतीश जग्गी’ प्रकरणात (2007) जामिनाच्या टप्प्यावर साक्षीदारांच्या विश्वासार्हतेत शिरू नये, प्रथमदर्शनी खटला आहे का एवढेच पाहावे, असे म्हटले गेले. त्याआधी 2005मध्ये, कवयित्री मधुमिता शुक्ला यांच्या हत्येच्या प्रकरणात, न्यायालयाने अमरमणी त्रिपाठी यांचा जामीन रद्द केला. जामिनाचे निकष सांगताना साक्षीदारांवर दबाव येण्याची रास्त भीती हा निकष त्यात ठळकपणे मांडला होता. ‘खुज्जी’ निकालाने (1991) तर साक्षीदार फितूर ठरला म्हणून त्याची साक्ष पुसली जात नाही, तिचा विश्वासार्ह भाग वापरता येतो, हे स्पष्ट केले होते. म्हणजे तत्त्वांची उणीव नाही.

उणीव आहे ती एका सवयीच्या वाक्यात. जामिनाच्या आदेशांत ते वरचेवर भेटते : महत्त्वाचे साक्षीदार तपासून झाले आहेत, सबब पुराव्यात ढवळाढवळ होण्याची भीती उरलेली नाही. साक्षीदारांनी सरकार पक्षाला साथ दिली असेल तर हे वाक्य बरोबर आहे. पण तेच साक्षीदार फिरले असतील तर? मग त्याचा अर्थ असाही होऊ शकतो, की भीती उरली नाही कारण जे व्हायचे ते होऊन गेले. चोरी झाल्यावर ‘आता चोरीचा धोका नाही’ म्हणावे, तशातला हा प्रकार. वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, ‘का फिरले?’ हा प्रश्न मात्र ते गिळून टाकते.

2024मध्ये राजस्थानातील एका बलात्कार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच सवयीवर बोट ठेवले. पीडितेची साक्ष होण्याच्या तोंडावर, किंवा साक्ष झाल्यावर तीतल्या बारीकसारीक विसंगती काढून, जामीन देण्याची पद्धत योग्य नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा इशारा आवश्यकच होता. पण तो सरसकट लावला तर दुसऱ्या टोकाचा अन्याय होईल. ज्याच्याविरुद्धचा पुरावा खरोखरच ढासळला आहे, असा कच्चा कैदी केवळ खटला ‘सुरू’ आहे म्हणून आत राहील. ‘के. ए. नजीब’ प्रकरणात (2021) आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ कोठडीत होता आणि 276 साक्षीदार तपासायचे बाकी होते. कठोर कायद्याखालचा खटला असूनही न्यायालयाने त्याचा जामीन कायम ठेवला. साक्षीदाराचे फिरणे नेहमी आरोपीच्या खात्यावर टाकले, तर गरीब आरोपीला दुसऱ्याच्या भीतीची किंमत मोजावी लागेल.

माझे म्हणणे मर्यादित आहे. जामीन द्यावा की नाकारावा, याचे एकच सूत्र सांपडणार नाही. पण आदेशात तीन प्रश्नांची उत्तरे दिसली पाहिजेत. पहिला, साक्षीदार फिरला तेव्हा आरोपी आत होता की बाहेर, आणि त्याच्या वतीने कोणी संपर्क साधल्याची तक्रार, नोंद काही आहे का? दुसरा, सरतपासणी आणि उलटतपासणी यांत किती दिवस गेले? ‘विनोद कुमार’ प्रकरणात (2015) हे अंतर वीस महिन्यांचे होते आणि तेवढ्या अवधीत साक्षीदार फिरला. न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत नाराजी नोंदवली. अशा वेळी दोष तारखा देणाऱ्यांकडेही जातो. तिसरा, या साक्षीशिवाय काय उरते : वैद्यकीय पुरावा, जप्ती, दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब?

याला पूरक साधन हाताशी आहे. 2018मध्ये ‘महेंदर चावला’ निकालाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. तीत धोक्याचा अहवाल पोलिसांकडून मागवण्याची सोय आहे. जामिनाच्या वेळी तो अहवाल, किंवा तो कधी मागवलाच नाही ही गोष्ट, नोंदवायला फार तर चार ओळी लागतील.

या चार ओळींना मी महत्त्व देतो, कारण आदेशाच्या दोन्ही बाजूंना बहुधा दुबळी माणसे असतात : एकीकडे जामिनाची रक्कम उभी करू न शकणारा आरोपी, दुसरीकडे त्याच वस्तीत परत जाणारा साक्षीदार. कारण न विचारता पहिल्याला आत ठेवले तरी अन्याय होतो, आणि कारण न विचारता सोडले तरी दुसऱ्यावर अन्याय होऊ शकतो. ‘फितूर’ म्हणून आपण साक्षीदाराचा निवाडा करून मोकळे होतो. न्यायालयाने तरी तसे मोकळे होऊ नये.