सुट्टी संपल्यावर निघालेला माणूस

अमेरिकेत स्थायिक झालेला माझा एक आत्तेभाऊ उन्हाळ्यात शाळांना सुट्टी लागली, की भाड्याने आरव्ही घेतो आणि बायको-मुलांसह डोंगरांकडे निघतो. गाडीतच गादी, शेगडी, बेसिन. फोटो येतात ते मोंटानातल्या नद्यांचे, यलोस्टोनच्या उकळत्या कुंडांचे. फोनवर मात्र तो बोलतो गर्दीबद्दल. कॅम्पग्राउंडची जागा महिनोन्‌महिने आधी धरावी लागते, बायसन रस्त्यात उभा राहिला की गाड्यांची रांग लागते, वगैरे. गेल्या वर्षी त्याच्या मुलीला वाटेत वाचायला म्हणून मी जॉन स्टाइनबेकचं ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ सुचवलं. आठवड्याने त्याचा फोन. “अरे, ते पुस्तक बनावट आहे म्हणे. नेटवर सगळं आलंय. मग पोरीला कशाला द्यायचं?”

प्रश्न रास्त होता. तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर बोललो. हे आता जरा नीट दिलेलं उत्तर.

१९६० साली स्टाइनबेक ५८ वर्षांचा होता. तब्येत कुरकुरत होती. आपण ज्या देशाबद्दल लिहितो तो देश आपण कित्येक वर्षांत पाहिलेलाच नाही, या जाणिवेने तो अस्वस्थ होता. त्याने जीएमसीचा एक पिकअप ट्रक घेतला, त्यावर राहण्याजोगी केबिन बसवून घेतली आणि डॉन किहोतेच्या घोड्यावरून तिचं नाव ‘रोसिनान्ते’ ठेवलं. सोबतीला चार्ली नावाचा म्हातारा पूडल. निघण्याची वेळही त्याने विचारपूर्वक निवडली. सप्टेंबरातल्या लेबर डेनंतर मुलं शाळेत परततात, आईबाप रस्त्यावरून हटतात, सुट्टीचा हंगाम संपतो. त्यानंतरच तो लाँग आयलंडवरच्या सॅग हार्बरमधून बाहेर पडला. सुमारे अकरा आठवडे आणि दहा हजार मैल. पुस्तक १९६२ साली आलं, त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं.

पन्नास वर्षांनी, २०१० मध्ये, बिल स्टायगरवाल्ड हा पत्रकार त्याच मार्गाने निघाला. पत्रं, हस्तलिखित आणि तारखा ताडून पाहिल्यावर त्याला दिसलं, की केबिनमध्ये एकट्याने काढलेल्या रात्री फारच थोड्या होत्या. बाकीचा मुक्काम मोटेलांत, हॉटेलांत, स्नेह्यांच्या घरी. नॉर्थ डकोटातल्या अ‍ॅलिस गावाजवळ नदीकाठी भेटलेला तो शेक्सपिअर म्हणणारा भटका नट? पत्नीला लिहिलेल्या पत्रावरून दिसतं, की त्या रात्री स्टाइनबेक राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, बीच नावाच्या गावात होता. २०१२ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत चरित्रकार जे परिनी यांनीही वाचकाला सावध केलं : हा मुळात कादंबरीकार आहे, सगळं शब्दशः घेऊ नका.

‘कादंबरीकारच तो, रचणारच’ हा बचाव मला पुरेसा वाटत नाही. कारण पुस्तकाचा सगळा डोलारा एका कबुलीवर उभा आहे : मी स्मरणावर विसंबून लिहीत आलो, आता प्रत्यक्ष पाहायला निघालोय. जो माणूस ‘पाहायला निघालो’ असं म्हणतो, त्याने न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगितलं, तर तो आपल्याच अटीवर हरतो.

पण पुस्तक पुन्हा वाचताना लक्षात आलं, की त्यात दोन वेगवेगळे आवाज आहेत. जिथे माणसं भेटतात तिथे सगळे जरा जास्तच छान बोलतात. शेतकरी, दुकानदार, नट, सगळ्यांची वाक्यं एकाच मुशीतून निघालेली. ही शंका यायला स्टायगरवाल्ड लागत नाही, कान पुरेसा आहे. भूमी येते तेव्हा मात्र लेखक बदलतो. बिस्मार्कपाशी मिझूरी नदी ओलांडली आणि एका काठावरचं पूर्वेकडचं गवत, मातीचा वास मागे पडून दुसऱ्या काठावर पश्चिम सुरू झाली, की तो चकित होतो. देशाच्या नकाशाची घडी इथेच पडायला हवी, असं त्याला वाटतं. मोंटानाच्या प्रेमात तर तो उघड उघड पडतो. आणि यलोस्टोन? तिथे अस्वलं पाहून चार्ली इतका पिसाळतो, की लेखकाला गाडी मागे वळवावी लागते. जग जे बघायला येतं ते याने बघितलंच नाही, आणि तसं सांगून टाकलं. बनाव करणाऱ्याला तिथे चार पानी वर्णन ठोकून देणं काय अवघड होतं?

मला जास्त खुपतं ते वेगळंच. सिअ‍ॅटलपासून खाली कॅलिफोर्नियापर्यंतच्या प्रवासात पत्नी इलेन सोबत होती. पुस्तकात ती शिकागोला भेटते, टेक्ससमध्ये भेटते, पण त्या किनाऱ्यावरून ती पुसली गेलीय. रेडवूडच्या प्रचंड झाडांखाली उरलेत फक्त एक पुरुष आणि त्याचा कुत्रा. एकांड्या शिलेदाराची प्रतिमा राखायची तर शेजारच्या सीटवरचं माणूस उतरवावं लागतं. नट कल्पनेतून आणला, ही अतिशयोक्ती म्हणून सोडून देता येईल. बायको वगळली, ही मात्र खरी लबाडी. आणि या पुस्तकाचं अनुकरण करत ‘एकटाच निघालो’ म्हणून लिहिणाऱ्यांनी नेमकी तीच उचलली.

तरीही पोरीला हे पुस्तक द्यावं असं मी म्हणतो, ते शेवटाकडच्या काही पानांसाठी. न्यू ऑर्लीन्समध्ये १४ नोव्हेंबर १९६० रोजी रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी फेडरल मार्शलांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेली. त्यानंतर रोज सकाळी गोऱ्या बायकांचा जमाव शाळेबाहेर जमून तिला शिव्या घालू लागला. बघ्यांच्या टाळ्या घेणाऱ्या या बायकांना ‘चीअरलीडर्स’ म्हणत. स्टाइनबेक गाडी आणि चार्लीला पार्किंगमध्ये ठेवून टॅक्सीने तिथे जातो. या प्रसंगाला वर्तमानपत्रांची, टीव्हीची साक्ष आहे. आणि इथे, जिथे खरोखरचे संवाद कानावर पडताहेत, तिथे पुस्तक ते शब्द छापत नाही. ते किती घाणेरडे होते एवढंच आपल्याला कळतं. रचलेल्या माणसांना घडाघडा बोलायला लावणाऱ्या लेखकाची खऱ्या माणसांसमोर वाचा बसते.

परिणाम पुढच्या पानांत दिसतो. व्हर्जिनियातल्या अ‍ॅबिंग्डनजवळ प्रवास आपल्याला सोडून गेला, असं तो लिहितो. पुढे वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर आहेत, पेनसिल्व्हेनिया आहे. एका नदीच्या दोन काठांवरचं गवत वेगळं ओळखणाऱ्या या माणसाला त्यातलं काही दिसत नाही. फक्त घर गाठायचं असतं. शाळा सुरू झाल्या, मुलं रस्त्यावरून हटली, म्हणून जो निघाला, त्याचा प्रवास एका शाळेच्या दारात, एका मुलीपाशी संपला. हा योगायोग त्याने जुळवलेला वाटत नाही. त्याकडे त्याचं लक्ष गेल्याचंही दिसत नाही.

आत्तेभावाला मी एवढंच कळवलंय : पोरीला पुस्तक दे, आणि ते कुणी कसं तपासलं तेही सांग. मिझूरी ओलांडाल तेव्हा तिला दोन्ही काठांचं गवत बघायला लाव. आणि परत आल्यावर तिने काही लिहिलंच, तर शेजारच्या सीटवर कोण बसलं होतं ते वगळू नको म्हणावं.