मोजलेला रंग, मानलेला रंग

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा हंगाम चालू असताना काढलेले फोटो हल्ली पुष्कळ बघायला मिळतात. 200 मेगापिक्सेलचा फोन, लख्ख ऊन, समोर हळकुंडांची रास; आणि फोटोत एक सपाट पिवळा पट्टा. हळकुंडावरची वळी, मातीचा तपकिरी थर, मोडलेल्या टोकाचा केशरी गाभा, सगळे बुजलेले. त्याच फोनने औंढा नागनाथाची शिल्पे टिपली, तर मूर्तीच्या गळ्यातले मणी सुटे दिसतात. हा फरक छायाचित्रकाराच्या हाताचा नाही, कॅमेऱ्याच्या आतल्या एका जुन्या समजुतीचा आहे.

ब्राइस बायरला कोडॅकमध्ये असताना 1976 साली सेन्सरवरच्या रंगीत गाळण्यांच्या ज्या जाळीचे पेटंट मिळाले, ती सर्वांना ठाऊक आहे: निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो; म्हणजे फोटोतल्या दर तीन आकड्यांपैकी दोन शेजाऱ्यांवरून काढलेले. या काढण्याला डीमोझेकिंग म्हणतात. बायरशी माझे भांडण नाही. बारीक तपशील डोळा मुख्यतः उजळपणावरून ओळखतो आणि तो हिरव्यात सर्वाधिक असतो, हे त्याने अचूक हेरले. भांडण आहे ते त्या जाळीवर पुढे रचलेल्या गृहीतकाशी. हॅमिल्टन आणि अ‍ॅडम्स यांच्या 1997 च्या पेटंटपासून हिराकावा आणि पार्क्स यांच्या 2005 च्या पद्धतीपर्यंत डीमोझेकिंगचा मुख्य प्रवाह एकच गोष्ट धरून चालतो: लाल, हिरवा आणि निळा एकाच जागी एकत्र चढतात, एकत्र उतरतात. औंढ्याच्या काळ्या दगडात ते खरे आहे. हळदीत नाही. कुरकुमिन हे हळदीचे रंगद्रव्य निळा प्रकाश जवळजवळ गिळून टाकते, म्हणून निळ्या बिंदूंच्या हाती फारसे काही लागत नाही. उन्हात लाल मात्र काठोकाठ भरतो. मग हिरव्याचा तपशील उसना घेऊन बाकी दोघांना नेसवला जातो. फोनच्या पडद्याला न पेलणारा पिवळा छाटण्याचा दोष वेगळा आहे, तो मी डीमोझेकिंगच्या माथी मारत नाही. पण छाटायला आलेला रंग आधीच अंदाजाचा असतो.

पर्याय म्हणून जे गाजले त्यांत मला रस उरलेला नाही. फुजीची 2012 ची सहा बाय सहाची जाळी मोअरे, म्हणजे बारीक नक्षीवर उमटणारे खोटे पट्टे, कमी करते, अंदाज तेवढेच ठेवते. फोव्हिऑन सेन्सरने सिलिकॉनच्या खोलीवरून रंग वेगळे केले. कल्पना सुंदर, रंग गढूळ. हिरव्याऐवजी पिवळी गाळणी लावणाऱ्यांनी प्रकाश कमावला आणि रंगाची पारख घालवली.

मन भरून यावे असे काम 2019 साली वाचायला मिळाले. गूगलच्या व्रॉन्स्की आणि सहकाऱ्यांनी डीमोझेकिंगची पायरीच काढून टाकली. फोन धरलेला हात कापतोच. एकापाठोपाठ घेतलेल्या फ्रेममध्ये जाळी त्यामुळे केसभर सरकत राहते, आणि हळकुंडाच्या ज्या ठिपक्यावर पहिल्या फ्रेमला हिरवी गाळणी होती तिथे पुढच्या कुठल्यातरी फ्रेमला लाल येते, आणखी एखाद्या फ्रेमला निळी. तिन्ही रंग मोजून मिळतात. फोन तिवईवर असेल तर लेन्सच मुद्दाम हलवायची. समोरची वस्तू हलली तर ही पद्धत नमते घेते आणि एकाच फ्रेमवर भागवते. ही कबुलीही मला आवडली. नाशिकच्या रमेश रासकरांनी 2006 साली सहकाऱ्यांसह शटरची आधी ठरवलेल्या अनियमित क्रमाने उघडझाप करून हालचालीत पुसलेला तपशील परत मिळवला होता. तेही याच वाटेवरचे: आधी जास्त मोजायचे, मग गणित करायचे.

आणि बाजार मात्र उलट्या दिशेला पळत सुटला. 2018 पासून एकाच रंगाचे चार बिंदू शेजारी ठेवण्याची पद्धत फोनमध्ये रुळली. 200 मेगापिक्सेलच्या सेन्सरमध्ये ते सोळा झाले. सोळांचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो घ्या, माझी तक्रार नाही. पण 200 चा आकडा लावून जो फोटो दिला जातो, त्यात निळ्या बिंदूला लाल शेजारी कित्येक घरे लांब असतो आणि मधली जागा न्यूरल नेटवर्क पाठांतरावरून भरते. जे त्याने शिकताना पाहिले तेच ते इथे काढते. हळकुंड पाहिले नसेल तर हळकुंड येणार नाही.

पाहिले कशावरून असेल? या क्षेत्रात पद्धतींचा कस वर्षानुवर्षे कोडॅकच्या 24 चित्रांवर लागला. त्यातले दीपगृह आणि त्याचे पांढरे कुंपण प्रत्येक निबंधात भेटते. त्या चित्रांत तिन्ही रंग एकमेकांना घट्ट धरून आहेत, म्हणून तिथे हे गृहीतक सहज पास होते. 2011 साली मॅकमास्टर नावाचा अधिक गडद रंगांचा चित्रसंच आला तेव्हा कोडॅकवर मिरवणाऱ्या कित्येक पद्धती घसरल्या. तरीही नव्या फोनच्या परीक्षणात आपण इमारती आणि चेहरे झूम करत बसतो. ते थांबवा. मोंढ्यातली रास उन्हात ठेवा, शेजारी झेंडूची माळ आणि पैठणीचा जरीचा काठ ठेवा, आणि फोनने त्यातला किती रंग मोजला ते विचारा. कंपनीला सांगता येत नसेल, तर 200 हा आकडा खोक्यावर छापण्याचा तिला अधिकार नाही.