चोरी कोणाची?

इंग्लंडच्या प्रबोधनकालीन नाटकांत मुलगी आपल्या मर्जीने घर सोडून गेली की चोरीची आरोळी उठते. ‘ऑथेल्लो’च्या आरंभी इयागो आणि रॉडरिगो मध्यरात्री ब्रबॅन्शिओच्या दाराशी ओरडतात, तेव्हा घर, मुलगी आणि पैशाच्या थैल्या ते एकाच दमात मोजतात. त्या म्हाताऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. थोड्याच वेळात तो स्वतः ऑथेल्लोला चोर म्हणू लागतो. आपल्याकडे मुलीला परक्याचे धन म्हणतात. ब्रबॅन्शिओ तिला आपले धन मानतो, फरक एवढाच. धन ते दोन्हीकडे धनच!

ब्रबॅन्शिओ पहिल्या अंकानंतर रंगभूमीवर येत नाही. त्यामुळे असेल, त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. मला मात्र या शोकांतिकेचे बी त्याच्याच अंगणात पडलेले दिसते. ऑथेल्लोला वारंवार घरी बोलावून त्याच्या पराक्रमाच्या कथा कौतुकाने ऐकणारा हाच. पाहुणा म्हणून जो चालत होता, तो जावई म्हणून चालत नाही. भर सभेत डेस्डिमोनाला विचारले जाते, तुझी निष्ठा कोणाशी? ती शांतपणे सांगते की जन्म आणि शिक्षण दिल्याबद्दल मी वडिलांची ऋणी आहे. परंतु माझ्या आईने तिच्या वडिलांपेक्षा तुम्हांला जेवढे अधिक मानले, तेवढेच मला माझ्या पतीला मानू द्या. या घरातली आई आपल्याला भेटते ती या वाक्यात. बापाला या युक्तिवादाला उत्तर सापडत नाही. मग तो तिला घरात ठेवून घ्यायलाही नकार देतो.

‘ऑथेल्लो’चा राजदरबारातला प्रयोग १ नोव्हेंबर १६०४ चा, ‘किंग लिअर’चा २६ डिसेंबर १६०६ चा. दोन वर्षांनी शेक्सपिअर तोच हिशेब पुन्हा मांडतो. लग्न झाल्यावर माझे अर्धे प्रेम पतीकडे जाईल, असे कॉर्डेलिया बापाला स्वच्छ सांगते. दोघीही खरी वजाबाकी करतात, आणि दोन्ही बापांना त्यात प्रेम कमी झाल्याचेच ऐकू येते. लिअरच्या घरीही आई नाही; तिचा उल्लेख येतो तो रीगनला धाक घालताना, थडग्याच्या रूपाने. स्त्रीभूमिका मुलगे करीत आणि असे तयार नट थोडेच असत, हे या आईविना घरांचे एक व्यवहारी कारण असू शकेल. परंतु त्यामुळे बापलेकींच्या मध्ये पडणारे कोणी उरत नाही, हा परिणाम काही केवळ व्यवहाराचा नाही.

शायलॉकचे उदाहरण याहून अवघड आहे. मुलगी आणि मोहरा यांच्यासाठी तो एकाच श्वासात रस्त्याने ओरडत गेला, हे आपण त्याची टवाळी करणाऱ्या सोलॅनिओच्या तोंडून ऐकतो. पुढे ट्यूबलशी बोलताना मुलगी मेली तरी चालेल, रत्ने मिळोत, असे तो म्हणतो, हे नाकारता येत नाही. पण जेसिकाने एक अंगठी माकडाच्या बदल्यात देऊन टाकली हे कळताच त्याला आठवते ती लग्नाआधी ती अंगठी देणारी लीआ. त्या क्षणी किमतीचा प्रश्नच उरत नाही.

ब्रबॅन्शिओकडे परत येऊ. जाता जाता तो ऑथेल्लोला बजावतो की बापाला फसवणारी तुलाही फसवील. तिसऱ्या अंकात इयागो हाच मुद्दा बाहेर काढतो, आणि ऑथेल्लोला तो नाकारता येत नाही. रुमालाच्या आधी संशयाला धार येते ती बापाच्या या शब्दांची. डेस्डिमोनाला त्याचा पत्ताही नसतो. चौथ्या अंकात ती पतीला म्हणते की माझ्या वडिलांना तुम्ही अंतरला असाल तर मीही अंतरले आहे. शेवटी तिच्या प्रेतापाशी ग्रॅशिआनो सांगतो की या लग्नाच्या दुःखाने तिचा बापही गेला. म्हणजे त्याचे प्रेम खोटे नव्हते! खोटे असते तर नाटक सोपे झाले असते.

लिअरला निदान क्षमा मागायला वेळ मिळतो. १६०५ मध्ये छापल्या गेलेल्या जुन्या ‘लिअर’ नाटकात धाकटी मुलगी जगते, राजाला राज्य परत मिळते. शेक्सपिअरने तिला मारले. नेहम टेटने १६८१ मध्ये तिला पुन्हा जिवंत करून तिचे लग्नही लावले, आणि इंग्रज प्रेक्षकांनी दीडशे वर्षे हाच शेवट गोड मानून घेतला.

शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ची (१९७०) तुलना लिअरशी नेहमी होते, पण त्यात कॉर्डेलिया नाही, याकडे मला लक्ष वेधायचे आहे. अप्पासाहेब बेलवलकरांना एकच मुलगी, नलू. आणि तिच्या घरात पैसे सापडेनासे होतात तेव्हा संशय बापावर येतो. ब्रबॅन्शिओची आरोळी येथे लेकीच्या तोंडी आली आहे. शिरवाडकरांनी आणखी एक बदल केला. त्यांनी आईला, कावेरीला, जिवंत ठेवले, तिला हा आरोप ऐकायला लावले, आणि मगच नाटकातून नेले.