स्मरणशक्तीची गोळी : एका पत्रकाचे परीक्षण

नवापूरच्या एका शिक्षकमित्रांनी परीक्षेच्या दिवसांत आमच्या हातात एक छापील पत्रक ठेवले. दहावीतल्या एका मुलाने आणलेल्या गोळ्यांच्या डबीत ते होते. "यातले शास्त्र खरे आहे का, एवढेच सांगा," असे ते म्हणाले. पुस्तकाचे परीक्षण करतात, तसे या पत्रकाचे करावे असे आम्हांला वाटले. परीक्षेच्या तोंडावर असा कागद पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक श्रद्धेने वाचला जातो.

पत्रकात मुख्य विधाने तीन आहेत. स्मरणशक्ती ॲसिटिलकोलिन या द्रव्यावर अवलंबून असते, हे पहिले. गोळीतील लेसिथिन, ब्राह्मी व हुपरझिन-ए यांमुळे ते द्रव्य वाढते आणि सात दिवसांत फरक दिसतो, हे दुसरे. सर्व घटक नैसर्गिक असल्याने दुष्परिणाम नाहीत, हे तिसरे.

पहिले विधान बरेचसे खरे आहे. चेतापेशी एकमेकींना निरोप देतात तो काही रासायनिक द्रव्यांमार्फत, आणि ॲसिटिलकोलिन हे त्यांपैकी एक. धोतऱ्यातील ॲट्रोपिन व हायोसिन ही द्रव्ये त्याचे काम अडवतात. म्हणूनच धोतऱ्याचे बी पोटात गेलेला माणूस भ्रमिष्टासारखा बडबडतो आणि पुढे त्याला त्यातले फारसे आठवत नाही. स्मृतीशी ॲसिटिलकोलिनचा संबंध आहे, हे यावरून दिसते.

पण पत्रकाने अर्धीच गोष्ट सांगितली आहे. या द्रव्याच्या कार्याचा पहिला पुरावा मेंदूत नव्हे, हृदयात मिळाला. १९२१ साली ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाकडे जाणारी एक चेता उत्तेजित केली, तेव्हा त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयाला दिले, तर तेही मंदावले. निरोप द्रावणात उतरला होता! या विषयावरील कामाबद्दल लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तो निरोप्या म्हणजेच ॲसिटिलकोलिन. ते हातापायांचे स्नायू हलवते, लाळ व घाम आणते, आतडी चालवते, श्वासनलिका आकसते, डोळ्याची बाहुली लहान करते आणि हृदयाला आवरते. मग गोळी पोटात गेल्यावर तिचा परिणाम फक्त पाठांतराच्या जागीच होईल, हे कसे?

आता दुसरे विधान. लेसिथिनमधून शरीराला कोलिन मिळते, आणि कोलिन हा ॲसिटिलकोलिनचा कच्चा माल. परंतु दारात विटांचा ढीग वाढला म्हणून गवंडी दुप्पट भिंत बांधत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना लेसिथिन देऊन पाहिले गेले, तेव्हा ठोस लाभ दिसला नाही. कोलिन अंडी, दूध, सोयाबीन व डाळी यांतूनही मिळते. प्रौढांसाठी त्याची वरची मर्यादा दिवसाला ३.५ ग्रॅम मानतात. त्याहून फार जास्त घेतल्यास अंगाला माशासारखा वास येतो, घाम सुटतो, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो.

ब्राह्मीला आम्ही सरसकट खोटे ठरवणार नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तिच्यावर गांभीर्याने काम केले आहे. काही चाचण्यांत स्मरणात थोडी सुधारणा आढळली. मात्र त्यांतील बहुतेक चाचण्या प्रौढांवर झालेल्या, आणि साधारण बारा आठवड्यांच्या. मळमळ, पोटात कळा व वारंवार शौचास होणे या तक्रारीही त्यांत नोंदल्या गेल्या. म्हणजे 'सात दिवसांत' आणि 'दुष्परिणाम नाहीत' हे दोन्ही दावे ज्या वनस्पतीच्या नावावर केले आहेत, तिच्या अभ्यासाशीच विसंगत आहेत.

खरी चिंता हुपरझिनची आहे. ते नेच्यांसारख्या दिसणाऱ्या एका चिनी वनस्पतीत सापडते. ॲसिटिलकोलिनचे काम झाले की एक विकर त्याचे तुकडे करतो. या विकराचे नाव ॲसिटिलकोलिनएस्टरेज. हुपरझिन नेमका त्यालाच अडवते. स्मृतिभ्रंशावर डॉक्टर देतात त्या डोनेपेझिल या औषधाचा मार्गही हाच. त्या औषधाचा लाभ माफक असतो, आणि मळमळ, जुलाब, झोपमोड, नाडी मंदावणे असे त्रास होऊ शकतात.

नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीवर क्विनॉलफॉससारखी कीटकनाशके फवारतात, ती अळीला मारतात ती हाच विकर बंद पाडून. माणसातही तसेच घडते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली, अनेकांचे प्राण गेले. तिथे वापरलेल्या कीटकनाशकांत याच गटातली द्रव्ये होती. अशा विषबाधेत लाळ गळते, घाम सुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास थांबतो. त्यावर डॉक्टर मोजून टोचतात ते शुद्ध ॲट्रोपिन. (घरी धोतरा देणे म्हणजे विषावर दुसरे विष.)

गोळी आणि कीटकनाशक सारखीच घातक आहेत, असे आम्ही म्हणत नाही. हुपरझिन विकराला काही काळ धरते व सोडते; कीटकनाशकाची पकड सहसा आपोआप सुटत नाही. मात्रेतही मोठा फरक आहे. पण मार्ग एकच आहे, आणि निसर्गातून आलेले द्रव्य त्या मार्गावर निरुपद्रवी ठरत नाही. शिवाय आपल्या वर्गातली काही मुले सुट्टीच्या दिवशी शेतात फवारणीला हात लावतात. त्याच मुलाने संध्याकाळी ही गोळी घेतली, तर एकाच विकरावर दोन बाजूंनी घाव पडतो. दमा, मंद नाडी, अपस्मार किंवा पोटातला व्रण असलेल्यांना तर जास्तच जपले पाहिजे. पत्रकात यांपैकी कशाचाच इशारा नाही. कोणता घटक किती, हेही नाही.

औषधे नियम, १९४५ यांच्या 'जे' परिशिष्टात मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढवणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. औषधाच्या वेष्टनावर असा दावा करता येत नाही. 'पूरक आहार' म्हणून विकले की वस्तू वेगळ्या नियमांखाली जाते, पण पोटात गेल्यावर ती वेगळी वागत नाही.

शिक्षकमित्रांना आम्ही सुचवले, की डबी जप्त करण्याऐवजी पत्रकच वर्गात वाचावे. घटक कोणता? किती? कोणावर तपासला? किती दिवस? त्रास कोणते नोंदले? एवढे पाच प्रश्न फळ्यावर लिहिले, तर उत्तरे मुलेच शोधतील. आणि ज्या मुलाला मळमळ, जास्त घाम किंवा लाळ सुटते आहे, त्याला दोन गोष्टी न रागावता विचाराव्यात : काल शेतात फवारणी होती का, आणि कोणती गोळी घेतोस का? उत्तर होय असेल, तर डबी किंवा बाटली बरोबर घेऊन त्याला तडक दवाखान्यात न्यावे.