मेघनेचे पाणी आणि फैजची जबान

नदीवर चित्रपट काढणे सोपे, नदी चित्रपटात येणे अवघड. सूर्यास्ताला एखादी होडी काठाशी उभी केली की प्रेक्षक खूश होतो. पण त्या पाण्यावर ज्यांचे पोट आहे ती माणसे, त्यांचे कर्ज, त्यांची बोली आली तरच नदी आली, असे आम्ही मानतो. या कसोटीवर ए. जे. कारदार यांचा ‘जागो हुआ सवेरा’ (१९५९) तपासायला हवा. आपल्याकडे फैज अहमद फैज यांची शायरी घरोघरी पोहोचली. त्यांनी लिहिलेला हा चित्रपट मात्र फारसा कोणी पाहिलेला नाही.

माणिक बंदोपाध्याय यांच्या ‘पद्मा नदीर माझी’ या बंगाली कादंबरीचा त्याला आधार आहे. चित्रण झाले ढाक्याजवळ, मेघनेच्या काठी. वॉल्टर लॅसली या ब्रिटिश छायाचित्रकाराचा कॅमेरा कोठेही पाण्याचे कौतुक करत बसत नाही. जाळी ओढणारे हात, चिखल, मासळीचा ढीग आणि तिचा भाव ठरवणारा सावकार, हे तो दाखवतो. स्वतःची होडी घेण्याचे कोळ्याचे स्वप्न एवढेच कथानक. काठावरची खरी माणसेच बरीचशी पडद्यावर दिसतात. मॉस्कोच्या महोत्सवात त्याला सुवर्णपदक मिळाले. अयुब खान यांच्या राजवटीला मात्र तो रुचला नाही. पुढे तो जवळजवळ हरवलाच. दुरुस्त होऊन २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या महोत्सवातून तो वगळण्यात आला, कारण तो पाकिस्तानी! कथा बंगाली हिंदूची, नायिका कलकत्त्याच्या तृप्ती मित्रा, संगीत तिमिर बरन यांचे. एवढा हिशेब करायला सवड कोणाला होती?

तरीही एक गोष्ट आम्हाला खटकते. मेघनेवरचे हे कोळी उर्दू बोलतात. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगालीसाठी पोरांनी छातीवर गोळ्या झेलल्या, त्याला जेमतेम सात वर्षे झाली होती. फैज यांनी जबान साधी ठेवली, बंगाली शब्द पेरले. त्यांच्या नियतीवर आमचा काडीचा संशय नाही. पण माणसे गप्प असतात तोवर मेघना वाहते, बोलू लागली की लाहोर ऐकू येते. आपल्याला हे लवकर कळावे, कारण तोच अन्याय आपण सोसतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा दालदी मच्छीमार घरात काय बोलतो हे आपल्याला ठाऊक आहे. मराठी चित्रपटात तो आला की ‘अरे मियाँ, हमको क्या मालूम’ सुरू! मुसलमान म्हणजे उर्दू, हा समज कराचीत होता तसा दादरलाही आहे.

ऋत्विक घटक यांनी ही चूक केली नाही. ‘तितास एकटि नदीर नाम’ (१९७३) त्यांनी नव्या बांगलादेशात जाऊन, तिथल्याच निर्मात्याच्या पैशावर आणि तिथल्याच कलावंतांना घेऊन केला. कादंबरीकार अद्वैत मल्लबर्मन स्वतः तितासकाठच्या मालो कोळी जमातीतले. संगीत बहादूर खाँ यांचे. त्यांचे चुलते अलाउद्दीन खाँ यांचे घराणे त्याच ब्राह्मणबाडिया भागातले. (तिमिर बरनही अलाउद्दीन खाँचेच शागीर्द, म्हणजे दोन्ही नद्यांना सूर एकाच उस्तादाच्या दारातून आला.) मालो हिंदू, पण त्यांचे सुखदुःख पडद्यावर उभे करणाऱ्यांत रोझी समद, गोलाम मुस्तफा अशी मुसलमान मंडळी आहेत. ती परकी वाटत नाहीत, कारण बोली त्या काठचीच आहे.

चित्रपट विस्कळीत आहे, हे कबूल. योगायोग फार, रडारडही जास्त. लॅसलीच्या कॅमेऱ्याचा संयम घटकांपाशी नाही. तरी नदी हाती लागते ती इथेच, आणि तीही आटताना. पात्र कोरडे पडते, वर आलेल्या जमिनीवर दुसऱ्यांचा डोळा असतो, मालोंची वस्ती उठते. शेवटी बासंती घोटभर पाण्यासाठी वाळू उकरते. मरता मरता तिला दिसते ते पाणी नाही. भाताच्या शेतातून पिपाणी वाजवत धावणारे एक पोर दिसते. त्या भातासाठीच तर तितास गेली होती.