फणसाळंब्याचा तुरट रस

सहाणेवर फणसाळंबं उगाळलं की आधी आवाज येतो. चंदनाचा मऊ नव्हे, खरखरीत. चार-सहा वेढे झाले की पाण्यात गेरूसारखा रंग उतरतो. नागोठणं सोडून रोह्याकडे निघालं की निडी लागते. तिथल्या आमच्या घरात आजी हा लेप करंगळीवर घेऊन लाळ गाळणाऱ्या बाळाच्या हिरड्यांना लावायची. लहानपणी मीही तो चाटून पाहिला होता. जीभ आखडते. तुरट, आणि मागे ओल्या लाकडाचा वास.

पावसाळ्यात वारुळावर उगवणारी, कालवणात शिजणारी अळंबी ती ही नव्हे. फणसाळंबं जुन्या फणसाच्या खोडाला घोड्याच्या टापेसारखं चिकटलेलं असतं, वर्षानुवर्षं वाढतं. पाठीवर वळ्या, पोटाकडे बारीक छिद्रं, इतकी बारीक की भिंगाशिवाय ती नुसती मखमल वाटते. काढायला कोयता लागतो.

डायमॉक आणि सहकाऱ्यांच्या 1890 ते 1893 दरम्यान निघालेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’त या औषधाची नोंद आहे: लाळ गळणं, तोंड येणं, हगवण. उपयोग आजीच्याच यादीतले. शास्त्रीय नाव मात्र तिथे धिंगरी अळंबीचं दिलं आहे, आणि धिंगरी तर मऊ, चार दिवसांत सडणारी! पुढे पुणे विद्यापीठातल्या जे. जी. वैद्य यांनी लोकौषधीतल्या बुरशांचा अभ्यास केला, आणि फणसाळंबं फेलिनस या लाकडासारख्या कठीण गटात जाऊन बसलं.

याच गटातल्या, तुतीवर वाढणाऱ्या भावंडाला जपानीत ‘मेशिमाकोबू’ म्हणतात: मेशिमा बेटावरचं टेंगूळ. 1968 मध्ये इकेकावा यांनी अशा आळंब्यांचे गरम पाण्यात काढलेले अर्क अर्बुद रुजवलेल्या उंदरांना देऊन पाहिले. तुतीवरच्या या आळंब्याने गाठींची वाढ फार जोरात रोखली. पुढच्याच वर्षी चिहारा यांनी शिताके अळंबीतून लेंटिनन हे द्रव्य वेगळं केलं. 1985 मध्ये जपानने त्याला जठराच्या कर्करोगावर केमोथेरपीच्या जोडीने मान्यता दिली, तीही इंजेक्शन म्हणून.

हे द्रव्य म्हणजे बीटा-ग्लुकान, साखरेच्या कणांची लांब माळ. तिची मांडणी मला पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते. मुख्य दोरा एका जोडणीने जातो, ठरावीक अंतरावर दुसऱ्या जोडणीने फांद्या फुटतात, आणि असे तीन दोरे एकमेकांभोवती वेणीसारखे वळतात. आपल्या शरीरात अशी माळ तयारच होत नाही. म्हणून ती दिसताच आत परकं कोणी आलं, हे पेशीला कळतं. भक्षक पेशींच्या अंगावरचा डेक्टिन-1 हा ग्राहक ती माळ ओळखतो, हे 2001 मध्ये ब्राउन आणि गॉर्डन यांनी दाखवलं. ओळख पटली की पेशी कण गिळते, इतर पेशींना निरोप धाडते, आणि मारक पेशीही जाग्या होतात.

यातली सगळ्यात सुंदर जागा 2011 मध्ये उलगडली. माळेचे विरघळलेले सुटे तुकडे डेक्टिनला चिकटतात, तरी पेशी ढिम्म राहते. सबंध कण अंगाला भिडला तरच ती उठते. परक्याचा नुसता वास आणि दारात उभा परका, यातला फरक तिला कळतो! एवढ्याशा पेशीचा हा विवेक वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

आता आजीच्या लेपाकडे. बीटा-ग्लुकान बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिनसोबत घट्ट विणलेलं असतं. ते सोडवायला उकळावं लागतं. सहाणेवर थंड पाण्यात उतरतो तो मुख्यतः रंग आणि तुरटपणा. माझं मत असं की हिरड्यांवर काम करतो तो हा तुरटपणाच. प्रतिकारशक्तीचं श्रेय त्या करंगळीभर लेपाला देऊ नये. आजीचा अनुभव जपानी इंजेक्शनचा पुरावा होत नाही, आणि ते इंजेक्शन आजीच्या लेपाचा. दोन्हींना आपापलं मोल आहे. ‘इम्युनिटी’च्या नावाने विकल्या जाणाऱ्या डब्या या दोघांची सरमिसळ करतात, ते मला खटकतं. कर्करोगावर उपचार चालू असतील तर असा कुठलाही अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि तुमच्या घरी सहाणेशेजारी फणसाळंब्याचा तुकडा असेल, तर तो कुठल्या गावच्या, कुठल्या झाडावरून काढला हे एका चिठ्ठीवर लिहून त्याला बांधून ठेवा.